डूख धरणारे दळवी

ट्रेलर जोडलेली गाडी दळवी कुणाच्या हाती सहजासहजी देत नसत. ड्रायव्हरला आधी गॅरेजच्या आवारात माणसाच्या चालीने गाडी चालवायला लावत, आणि पायाने ब्रेक न दाबता डॅशबोर्डखालच्या डबीची कळ हाताने सरकवायला सांगत. त्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून ओढ जाणवली, तरच फाटक उघडायचं. "पुढचा थांबतो हो कसाही," ते म्हणत. "मागचा थांबतो की नाही, ते बघा."

दळवी दापोलीकडचे, ऑटो इलेक्ट्रिशियन. दोहातल्या आमच्या कंपनीत मी गाड्यांचा सुपरवायझर होतो. भाड्याच्या बोटी आणि जनरेटर पोचवायचं आमचं काम. कंपनीने पिकअप घेतल्या त्या साध्या मॉडेलच्या. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर त्यांत मुळात नव्हताच. मग बाहेरून आणलेल्या डब्या दळवींनी बसवल्या. दोन्हींतला फरक मला त्यांनीच शिकवला. "कारखान्यातून बसून आलेला असतो ना, तो तुमच्या पायाचा जोर ओळखतो. हा बाहेरचा नुसता गाडीला बसलेला हिसका ओळखतो. म्हणून याला सरळ बसवायचा आणि रोज विचारायचं, बाबा, जागा आहेस का?"

माणूस मायाळू, पण डूख धरण्यात असा तरबेज की नागाने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. दोहाच्या नजमा भागातल्या एका कॅफेटेरियावाल्याने त्यांना एकदा करक, म्हणजे तिकडचा दाट दुधाचा कडक चहा, गार दिला. तेव्हापासून ते दोन गल्ल्या पलीकडे चहाला जात, आणि जाताना मुद्दाम त्याच्या दारावरून जात. "राग गिळला की पित्त होतं," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. शुक्रवारी ते अल मन्सूराला आमच्या घरी जेवायला येत. माझी बायको नाशिकची. तिच्या आमटीत कोकम नाही म्हणून हळहळत आणि तीच आमटी दोनदा वाढून घेत.

मग मारुतीचं झालं. मारुती आमचा ड्रायव्हर, सांगलीकडचा, दळवींच्याच खोलीत राहणारा. एका सकाळी दळवींनी त्याच्या गाडीच्या जॉबकार्डावर लिहून दिलं: डबी बंद आहे, ट्रेलर नेऊ नये. तिकडे समुद्रकाठी गिऱ्हाईक बोटीसाठी ताटकळलेलं, इकडे माझा फोन थांबेना. दळवी दुसऱ्या गाडीखाली आहेत असं बघून मी फाटक उघडलं आणि मारुतीला म्हटलं, "यल्ला, नीघ." डबीबद्दल काही बोललो नाही. पहिल्याच राउंडअबाउटला त्याने ब्रेक दाबला आणि मागच्या बोटीने पिकअप आडवी ढकलली. मारुतीचा पाय मोडला. मी जॉबकार्ड फाडलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'ड्रायव्हर ओव्हरस्पीड'. त्याला घरी पाठवलं. तो शिक्का बसल्यावर त्याला आखातातली कुठलीच कंपनी ड्रायव्हर म्हणून घेईना.

"लिहिलंत?" दळवींनी विचारलं.

"वरून दबाव होता."

"बरं."

त्या दिवसापासून ते माझ्याशी हिंदीत बोलू लागले. "साब, गाडी रेडी है." "साब, फ्यूज नहीं है." परमुलखात आपल्या माणसाने आपल्याशी हिंदी बोलावं, हा मार काय असतो ते ज्याने खाल्लाय त्यालाच कळेल. शुक्रवारचं जेवण बंद झालं. मीही काही साधू नव्हतो. मी त्यांना शुक्रवारच्याच ड्युट्या लावल्या. ते दर शुक्रवारी वेळेवर हजर राहत. अशी तीन वर्षं गेली.

मग मी हौसेने एक जुनी पिकअप आणि छोटी बोट घेतली. डबी नीट बसवणारा दळवींशिवाय दुसरा कोण? नाक मुठीत धरून गेलो. त्यांनी काम मन लावून केलं. "चलिए साब, ट्रायल," म्हणाले आणि शेजारी बसले. मोकळ्या मैदानात काटा चाळीसवर आला तेव्हा म्हणाले, "ब्रेक." मी पाय दाबला, आणि बोटीने मागून असा रेटा दिला की पिकअप गर्रकन फिरून आडवी उभी राहिली.

"वेग किती होता, साहेब?" तीन वर्षांनी मराठी.

"चाळीस."

"मग लिहा, ओव्हरस्पीड."

"दळवी, डबी बंद होती?"

"वायर मीच काढली होती. तुम्ही मारुतीला सांगितलं नाही, मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. मग मोडक्या पायाचा मारुती डोळ्यांसमोर आला आणि मान वर करायची हिंमत झाली नाही. दळवींनी वाकून वायर जोडली, मला कळ सरकवायला लावली, आणि मागची ओढ स्वतः अनुभवल्याशिवाय ते गाडीतून उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला सगळं खरं लिहून दिलं. माझी सुपरवायझरकी गेली. मारुतीवरचा शिक्का पुसला गेला आणि काही महिन्यांत तो, लंगडत का होईना, दोहात दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर रुजू झाला.

गेल्या वर्षी दळवी कायमचे गावी निघाले. विमानतळावर मीच सोडलं. बॅगा ट्रॉलीवर चढवताना विचारलं, "दळवी, आता तरी राग गेला ना?"

"मारुतीचा गेला. तो साधा आहे."

"आणि तुमचा?"

"तुम्ही परके असतात, तर केव्हाच सोडून दिलं असतं."

ट्रॉली ढकलत ते आत गेले. मी दर शुक्रवारी त्यांना फोन करतो. ते उचलत नाहीत.