ब्रेक लागण्याआधीची पिल्लं

मुलीला नुकते दात येऊ लागले होते, तेव्हा तिला नाशिकला आईकडे ठेवून मी पुण्याच्या प्रयोगशाळेत परत गेले. नवरा परदेशी नोकरीला होता आणि माझी पीएचडी शेवटच्या टप्प्यात होती. सगळे म्हणाले, काही महिन्यांचाच प्रश्न आहे. मीही स्वतःला तेच सांगत होते.

माझं काम उंदरांच्या पिल्लांवर होतं. मेंदूत अमिग्डला नावाचा एक छोटा भाग असतो. भीतीचा कारभार बराचसा त्याच्याकडे. मोठ्या प्राण्यात एक रसायन तिथल्या पेशींना आवरतं, गाडीला ब्रेक लागावा तसं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात मात्र तेच रसायन पेशींना उलट चेतवतं. पिल्लू वाढतं तसं पेशींच्या आतलं क्षारांचं प्रमाण बदलत जातं आणि मग ब्रेक लागू लागतो. हे कसकसं घडतं ते मी मोजत होते, त्यासाठी निरनिराळ्या वयाची पिल्लं लागत. पिंजऱ्यातून एखादं उचललं की मादी मान वर करून हुंगायची आणि भुसा उकरत बसायची. मी तिच्याकडे पाठ करून कामाला लागायचे.

एका दुपारी आईने फोनवर विचारलं, "तू तिथं नेमकं करतेस काय, ते तरी सांग." मी सांगितलं.

"मग ती पिल्लं परत आईपाशी जातात का?"

"नाही गं. मेंदू काढावा लागतो. आधी भूल देतो, त्यांना काही कळत नाही."

आई "बरं," म्हणाली. "हिने आज वरणभात खाल्ला."

पुढे वणीच्या गडावर मुलीचं जावळ काढायचं ठरलं, म्हणून मी सुट्टी घेऊन आले. तिला माझ्या मांडीवर दिलं. शेजारी कुणाचा तरी नवस फेडणं चाललं होतं, संबळ वाजत होता. न्हाव्याने डोक्याला पाणी लावलं आणि ती किंचाळायला लागली. मी तिला छातीशी धरलं, थोपटलं, कानाशी बोलले. ती माझ्यापासूनच सुटायला बघत होती. शेवटी न्हावी म्हणाला, "ताई, हिच्या आईकडं द्या ना."

आईने हात पुढे केले आणि मी मुलगी दिली. आईच्या पदरात तोंड खुपसून ती हुंदके देत हळूहळू शांत झाली. संबळ तसाच वाजत होता.

आई जवळ असली की पिल्लाच्या अमिग्डलातली खळबळ कमी होते, हे मी वाचलेलं होतं. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना समजावूनही सांगितलेलं होतं. परतीच्या वाटेवर मी गाडीत मागे एकटी बसले आणि बाहेर बघत राहिले.

पुण्याला गेल्यावर माझ्या पीएचडीच्या सरांना म्हटलं, "मला आता नवीन पिल्लं घ्यायची नाहीत."

सर चिडले नाहीत. "मधल्या वयाची मोजमापं नसतील, तर आधी घेतलेल्या पिल्लांचाही काही उपयोग झाला नाही असं होईल," म्हणाले. "विचार कर."

मी विचार केला आणि पिल्लं घेतली. काम पुरं झालं, आलेख देखणा आला. तो पडद्यावर बघताना मला आनंद झाला होता, हे मला अजून विसरता येत नाही.

आता मी नाशिकलाच एका कॉलेजात शिकवते, आम्ही आईकडेच राहतो. सुरुवातीला मुलगी माझ्या हातून दूध प्यायची, पण झोपायला तिला आजीच लागायची. मी घाई केली नाही. मला तो हक्क आहे असंही वाटत नव्हतं.

परवा संध्याकाळी गंगापूर रोडवरून वरात चालली होती. खाली एकदम फटाक्यांची माळ लागली. मुलगी गॅलरीत होती, आई तिच्या जवळच्या खुर्चीत. मी आत, दारापाशी कपडे घडी करत होते. मुलगी आईला ओलांडून धावत आली आणि माझ्या कुशीत शिरली. तिचं काळीज धडधडत होतं. मी तिला घट्ट धरलं.

मान वर केली तेव्हा आईने पुढे केलेले हात मागे घेतले होते. "दूध बघते," असं म्हणून ती आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.