पाचवं ‘का?’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला — माझ्या बायकोला — सुद्धा नाही; आणि तिला तर माझ्या बनियनला कुठे भोक पडलंय तेही माहीत असतं. तीन वेळा लिहायला बसलो. तीनही वेळा भलतंच काहीतरी लिहून उठलो. आज उठणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. मी दत्तात्रय जाधव, लातूरकडचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. मेकॅनिकल इंजिनिअर, तोही फर्स्ट क्लास. वडिलांनी माझ्या डिग्रीला फ्रेम केली आणि हेडमास्तरांना विचारून ती आठवडाभर शाळेत घंटेशेजारी टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. मला त्याचा अभिमान वाटला. आजही वाटतो, कशाला लपवू? पण अशा माणसाला ‘मला हे येत नाही’ एवढं म्हणणं किती जड जातं — नाही, थांबा. ही सबब होतेय. पुढे जातो.

देशाची दारं नुकतीच उघडली होती. नवनव्या मोटारी येणार अशी दिल्लीभर हवा होती. दिल्लीला लागूनच असलेल्या साहिबाबादच्या एका जुन्या कारखान्याने जपानी कंपनीशी करार केला आणि मी तिथे लागलो. मोटारीच्या सीटखाली बसतात त्या लोखंडी पट्ट्या आम्ही बनवायचो. गाझियाबादला भाड्याची दीड खोली, सुनंदाला पाचवा महिना, आणि मराठी बोलायला आम्ही दोघंच एकमेकांना.

पत्रा दाबून कापणारी यंत्रं जिथे होती त्या प्रेस शॉपचे फोरमन होते सैनीजी. पन्नाशी उलटलेली, जवळच्याच गावचे, शाळा आठवीपर्यंत. प्रेसच्या आवाजावरून डाय, म्हणजे आतला साचा, कुठे झिजली ते सांगायचे. बावीस वर्षं त्या शॉपमध्ये. कामगार त्यांना उस्ताद म्हणायचे, आणि मालक शॉपमध्ये आले की आधी त्यांना नमस्कार करायचे. पहिल्या थंडीत मी दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडत आलो, तर सगळ्यांसमोर म्हणाले, “अब समझ में आया तुम लोग पानीपत क्यों हारे. जाड़ा था न?” अख्खं शॉप हसलं. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून सुनंदासाठी गोंदाच्या लाडवांचा डबा आला. असा माणूस.

आणि तिसरे हायाशीसान. जपानहून आलेले तज्ज्ञ; ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’. त्यांनी शॉपच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड लावला होता. काही चुकलं की एक तक्ता भरून त्यावर लावायचा — काय चुकलं, कुणाकडून चुकलं, आणि खाली पाच चौकोन. पाचही चौकोनांत एकच प्रश्न: का? पहिल्या उत्तराला पुन्हा ‘का’, त्या उत्तराला पुन्हा ‘का’. पाचव्या उत्तरात खरं मूळ सापडतं, असं ते म्हणायचे. हायाशीसानना हिंदी येत नव्हती. त्यांचं इंग्लिश कामापुरतं, माझंही कामापुरतं, म्हणून आमचं जमायचं. दुभाष्या मीच.

आमच्या लोकांना तो बोर्ड म्हणजे चारचौघांत कान धरून उभं करणं वाटायचं. हायाशीसानना तसं मुळीच वाटत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या चुकांचे दोन तक्ते स्वतःच्या हाताने तिथे लावले होते. चूक सांगणारा माणूस त्यांच्या हिशेबी भरवशाचा. चुकीचं मूळ न सांगता येणारा धोक्याचा. हे त्यांनी मला एकदा चहा पिताना नीट समजावून सांगितलं होतं. फक्त मला. हे लक्षात ठेवा.

आता चूक. एका नव्या पट्टीचं ड्रॉइंग जपानहून आलं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की वस्तूची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढायची. जपानी लोक डावी बाजू डावीकडेच काढतात. कागदाच्या कोपऱ्यात तशी छोटी खूण असते. ती मी पाहिली नाही. आपल्या सवयीने वाचलं, डाय तशी करून घेतली, आणि पट्टीचं भोक पडलं उलट्या बाजूला.

एवढंच असतं तर ती नुसती चूक असती. पण पहिलीच पट्टी निघाली आणि सैनीजी ती हातात घेऊन माझ्याकडे आले. “इंजीनियर साहब, मुझे लगै है छेद उलटी तरफ़ आ गया, सीट के नीचे ना बैठेगी. एक बार जापानी से पूछ लो.”

पूछ लो. दहा पावलांवर हायाशीसानची केबिन होती. मी काय म्हणालो? “सैनीजी, ड्रॉइंग पढ़ना मेरा काम है. आप प्रेस चलाइए.” सात-आठ जणांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि जाऊन प्रेस चालवली. दोन दिवस. सगळा माल तयार झाला, गेला आणि सगळाच्या सगळा परत आला.

मीटिंगच्या आधी सैनीजींनी मला स्टोअरच्या मागे नेलं. म्हणाले, “तू चुप रहियो. घर से इतनी दूर आया है, बहू पेट से है. मैं कह दूँगा मेरी ग़लती है. मेरी उमर के आदमी ने एक बार कह दी, तो फिर कौन पूछता है?”

त्यांच्या जगात खरंच कुणी विचारत नाही. घरातल्या मोठ्याने परक्यासमोर दोष अंगावर घेतला की विषय संपतो. पुढे विचारणं म्हणजे त्याच्या पांढऱ्या केसांचा अपमान. हायाशीसानच्या जगात विषय तिथून सुरू होतो. ही दोन्ही जगं त्या कारखान्यात एकालाच ठाऊक होती. मला. ‘सैनीजी, ते विचारणार, पाच वेळा विचारणार’ — हे त्यांना सांगायला किती वेळ लागला असता? आणि मी चूक कबूल केली तर हायाशीसान तक्ता भरून घेऊन बोर्डावर लावणार, बाकी काही नाही, हेही मला माहीत होतं. डोक्याने माहीत होतं. पण डोळ्यांसमोर ती घंटेशेजारची फ्रेम होती. मी मान हलवली.

मग मीटिंग. हायाशीसान विचारत होते, मी हिंदीत सांगत होतो. सैनीजी उत्तर देत होते, मी इंग्लिशमध्ये सांगत होतो.

भोक उलटं का पडलं? ड्रॉइंग मी उलटं वाचलं, सैनीजी म्हणाले. का? घाईत होतो. का? माल द्यायचा होता. मग कुणाला विचारलं का नाही? सैनीजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “अपने ऊपर ज़रा ज़्यादा भरोसा था जी.”

ते माझं उत्तर होतं. माझ्यासाठी ते इतकं अचूक शोधलं होतं त्यांनी. मी त्याचं नीट भाषांतर केलं.

पाचवा प्रश्न विचारताना हायाशीसाननी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. कुठली रेघ पाहून भोक त्या बाजूला आहे असं वाटलं? आणि का? सैनीजी कागदाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. चिडून नव्हे — आपण एखाद्या दुकानात पाटी वाचता येईना की शेजारच्याकडे बघतो ना, तसं. मी खाली बघितलं. हायाशीसाननी मला विचारलं, हे बोलत का नाहीत? आणि मी इंग्लिशमध्ये म्हणालो — त्यांना ड्रॉइंग वाचता येत नाही, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटते.

एकही शब्द खोटा नाही, बघा. एकही नाही.

हायाशीसाननी पेनाचं टोपण लावलं. पाचवा चौकोन तसाच राहिला. त्यांनी आवाज चढवला नाही, कुणाला रागावले नाहीत. स्वतःच्या चुकीचं मूळ ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती प्रेस देता येणार नाही, एवढंच म्हणाले. हेही हिंदीत मीच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सैनीजी मागच्या शेडमध्ये परत आलेल्या त्याच पट्ट्या निवडायला बसले. पोरं त्यांना आता उस्ताद म्हणेनात, ‘अंकल’ म्हणू लागली. चार महिन्यांनी त्यांनी यायचं बंद केलं. निरोप समारंभ झाला नाही. मी पुढच्या वर्षी ट्रेनिंगला जपानला गेलो.

त्यानंतर एकदाच भेटले. गाझियाबाद स्टेशनसमोर, भाजी घेताना. मुलगी माझ्या कडेवर होती. बरोबरच्या म्हाताऱ्याला त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, “ये अपना लड़का है. इंजीनियर. जापान होके आया है.” मुलीच्या हातात एक पेरू ठेवला. मी काय बोललो? म्हणालो, चलता हूँ सैनीजी, देर हो रही है.

इथपर्यंतचं असतं तर कदाचित मी हे झाकूनच मेलो असतो. पण याच्या पुढचं जास्त वाईट आहे.

कारखाना वाढला, गुडगावच्या पुढे नवा प्लँट झाला, आम्ही दिल्लीतच, द्वारकेला, सोसायटीत फ्लॅट घेतला. नव्या इंजिनिअरांना ‘जपानी लोकांबरोबर काम कसं करावं’ हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही संस्कृती समजणारा माणूस म्हणून. आणि माझं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोणतं? ‘फोरमन एस.’ भारतीय माणसाला चूक मान्य करता येत नाही, मोठेपणा आड येतो, तो मूळ सांगत नाही — हे मी सैनीजींवरून शिकवलं. पाचव्या प्रश्नाला ते कसे गप्प बसले त्याची नक्कल करायचो; मान खाजवायचो, छताकडे बघायचो. त्यांनी मान खाजवली नव्हती. ते मी घातलं, हशा पिकतो म्हणून. दरवर्षी पिकायचा. अकरा वर्षं.

गेल्या महिन्यात मागच्या रांगेतली एक मुलगी हसली नाही. हात वर करून म्हणाली, “सर, फोरमन ड्रॉइंग पढ़ नहीं सकता था, तो फिर ड्रॉइंग पढ़ी किसने थी?”

अकरा वर्षांत हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिला म्हणालो, “फोरमन ने ही, बेटा. यही तो प्रॉब्लम थी.” ती ‘ओके सर’ म्हणाली आणि खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं.

बघा — साहिबाबादला मी फक्त गप्प बसलो होतो. कुणी सरळ विचारल्यावर धडधडीत खोटं पहिल्यांदा बोललो ते त्या दिवशी, तिच्याशी.

सैनीजी आज आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. त्यांच्या गावाचा रस्ता ठाऊक आहे. तिथे आता टॉवर उभे आहेत, पण रस्ता तोच आहे. रविवारी जाणार आहे. सुनंदाला आज संध्याकाळी सांगेन. आणि सोमवारी सेशन आहे. ‘फोरमन एस’ काढून तिथे माझं पूर्ण नाव टाकलंय, आणि त्या मुलीला मुद्दाम बोलावलंय.

तक्ताही भरलाय.

काय चुकलं: भोक उलट्या बाजूला पडलं. कुणाकडून: दत्तात्रय जाधव. का? ड्रॉइंगवरची खूण पाहिली नाही. का? मला सगळं येतं असं वाटत होतं. विचारलं का नाही? विचारलं तर येत नाही हे दिसलं असतं. चूक दुसऱ्याच्या नावावर का जाऊ दिली? कारण तो दुसरा ती घ्यायला तयार होता.

पाचवं. इतकी वर्षं गप्प का राहिलो?

कारण सैनीजी माझं नाव कधीच सांगणार नाहीत, याची मला पक्की खात्री होती.