आखाजीच्या दिवशीचा फोन

ती घटना विसरलो असं मी म्हटलं, तर खाकीत काढलेली सगळी वर्षं खोटी ठरतील. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यांतलं बरंचसं आता धूसर झालंय. हे एक प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. साक्रीकडच्या खेड्यातून बाप-लेक तक्रार घेऊन आले. ठाणे अंमलदाराने पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, ऑनलाईनचं आहे साहेब, अर्ज घेतो आणि सायबरला पाठवून देतो. मला ही टोलवाटोलवी कधीच आवडली नाही. मी दोघांना आत बोलावून बसवलं.

मुलगी धुळ्यात एका खासगी कॉलेजात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिष्यवृत्तीचा हप्ता तिच्या खात्यात जमा झाला होता. त्यातून तिने कॉलेजची फी भरायची, की मग परीक्षेचं हॉल तिकीट. ती सणाला गावी गेली आणि आखाजीच्या दिवशीच घरच्या फोनवर कॉल आला. शिष्यवृत्ती कार्यालयातून बोलतोय, तुमची पडताळणी राहिली आहे, आज झाली नाही तर रक्कम परत जाईल. माणसाला तिचं नाव, वर्ग, हप्ता कधी जमा झाला, सगळं माहीत. पोरीने आलेला ओटीपी सांगितला आणि खातं रिकामं झालं. आता कॉलेज म्हणत होतं, फी नाही तर हॉल तिकीट नाही. परीक्षा तोंडावर आली होती.

मुलगी मान खाली घालून बसली होती. बाप मात्र तिच्यावर एकदाही चिडला नाही. मला म्हणाला, "पैसा गया ते गया, साहेब. पोरनं वरीस जावाले नको."

मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवून घेतला. ज्या नंबरावरून फोन आला ते सिम परराज्यातल्या कुणाच्या तरी नावावर निघालं. आमचे हवालदार म्हणाले, बाहेरची टोळी असणार, आपल्या हाती काय लागतंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण एक गोष्ट खटकत होती. आखाजीला कॉलेज बंद, होस्टेल रिकामं, पोरी गावी एकट्या. विचारायला ना मैत्रीण जवळ, ना शिक्षक. हा दिवस बाहेरच्याला कसा सुचावा?

त्या घरच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं; आमच्या महिला शिपायाने फोन चाळताना शोधलं. आम्ही ते ऐकायला बसलो. माणूस कडक, पुस्तकी मराठीत बोलत होता, अगदी बातम्या दिल्यासारखा. मध्येच मुलगी आधार कार्ड आणायला आत पळाली आणि फोन आजीच्या हातात गेला. आजीला कुठलं कार्यालय आणि कुठली पडताळणी! तिने आपलं विचारलं, "कोन शे रे भाऊ? जेवना का?"

आणि तो माणूस म्हणाला, "हा अक्का, जेवनू."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. चहा घेऊन आलेला हवालदारही जागच्या जागी उभा राहिला. खान्देशात वाढलेला माणूस कितीही शिकू दे, कितीही शुद्ध बोलू दे, म्हातारं माणूस 'जेवलास का' विचारतं तेव्हा त्याच्या तोंडून उत्तर अहिराणीतच निघतं. खोटं बोलायची सगळी तयारी करून बसलेला हा गडी तेवढ्या एका वाक्याला चुकला. चोर आपल्याच मुलखातला होता.

मग काम सोपं झालं. खात्याला जोडलेला घरचा नंबर मुलीने कुठे दिला होता? बँकेत, आणि कॉलेजजवळच्या सेवा केंद्रात, जिथे तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. महिला शिपायाला मी साध्या कपड्यांत होस्टेलवर पाठवलं. आधी कुणी तोंड उघडेना. मग एक बोलली, तिच्यामागून दुसरी. असाच फोन आणखी चौघींना आला होता, त्याच सणात. चौघींचे अर्ज त्याच केंद्रात भरलेले. एकीनेही तक्रार केली नव्हती. आपणच ओटीपी सांगितला, आता काय तोंड दाखवायचं, ही लाज.

केंद्र चालवणारा तरुण धरणगावकडचा होता. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणला. पहिला अर्धा दिवस त्याने आम्हाला खेळवलं. माझा आवाज नाही, मी तर सणाला घरी होतो, वकील बोलवा. मी आवाज चढवला नाही. समोर फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज त्याने निर्ढावलेल्या चेहऱ्याने ऐकला. आजीचा आवाज आला तशी त्याची मान खाली गेली.

मग तो बोलला. इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला होता, वडील आजारी पडले म्हणून पहिल्याच वर्षी सोडावं लागलं. भरलेली फी कॉलेजने परत केली नाही. म्हणाला, "माझे पैसे कुणी परत दिले होते साहेब?"

खरं सांगतो, मला त्याची कीवही आली आणि संतापही. मी त्याला म्हटलं, तुला बुडवलं कॉलेजने, आणि तू वसुली केलीस ती या पोरींकडून?

पण चोर सापडला म्हणून परीक्षा मिळते थोडीच! जे पैसे हाती लागले ते मुद्देमाल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय एक रुपया देता येत नाही. मी फिर्यादीची प्रत घेऊन मुलगी आणि तिच्या बापासह प्राचार्यांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. नियम दाखवत राहिले, एकीला सोडलं तर उद्या सगळेच रांग लावतील म्हणाले. तेवढ्यात मुलगी बोलली.

"सर, मी फी बुडवली नाही. माझी चोरीला गेलीय."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कोर्टातून रक्कम सुटेपर्यंत मुदत द्यायचं त्यांनी कबूल केलं, पाचही जणींना. हॉल तिकिटं त्याच संध्याकाळी निघाली. मुलीचा बाप माझे पाय धरायला वाकलेला पाहून मी ओरडलोच त्याच्यावर. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायचं होतं.

परीक्षेला चौघी बसल्या. पाचवी आली नाही. तिचा फोन बंद होता आणि कॉलेजचा निरोप घरी पोचलाच नाही.

दोषारोपपत्रासाठी तिचा जबाब हवा होता, म्हणून परीक्षा संपल्यावर आम्ही तिच्या गावी गेलो. सणानंतर ती होस्टेलवर परतली होती; बापाला पैसे गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्याने तिला तिथून सामानासकट घरी आणलं होतं. नंबर सांगितलाच कशाला, एवढी अक्कल नाही तर शिकून काय उजेड पाडणार, असं तो आमच्यासमोरही बोलला. लग्नाचं ठरत होतं.

पुष्कळांना वाटतं, गुन्हा म्हणजे चोर नेतो तेवढाच. तसं नसतं. चोराने पाचही जणींचे पैसे सारखेच नेले होते. एकीचा बाप तिला घेऊन ठाण्यात आला आणि एकीचा बाप तिला घेऊन घरी गेला. एवढाच काय तो फरक. तेव्हापासून फसलेल्या माणसाला कुणी माझ्यासमोर 'तूच कसा फसलास' म्हटलं, की माझं डोकं फिरतं. आपली लाज चोराच्या किती कामाची असते, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

मुलीने जबाब नीट दिला. तारीख, वेळ, बोललेलं वाक्य, काहीच चुकलं नाही. चांगली नर्स झाली असती. सही करून कागद माझ्याकडे देताना तिने बाप ऐकणार नाही इतक्या हळू विचारलं, "साहेब, हॉल तिकीट आता मिळेल का?"