पायी जाणाऱ्यांचा रकाना

शहरात विजेवर चालणाऱ्या बस येणार होत्या. नवे थांबे, सावलीची झाडं, वस्त्यांमधून रुंद फुटपाथ, असा सगळा आराखडा होता. बस कुठून न्यायची ते ठरवायला पालिकेनं एका खाजगी कंपनीकडून पाहणी करवून घेतली. त्या कंपनीत मी पंधरा दिवसांसाठी लागले. कळंबहून पहाटेची एसटी धरून यायचं आणि इंदापूर रस्त्यावरच्या थांब्यावर कोण कुठून आलं, कुठं जाणार, ते विचारून फॉर्म भरायचे.

तिसऱ्या दिवशी एक मावशी माझ्यासमोर थांबल्या. पन्नाशीच्या असतील. कॅनॉलपलीकडच्या वस्तीतून त्या रोज पायी यायच्या, एका दवाखान्यात फरशी पुसायचं काम करायच्या. एक पाय थोडा ओढत होत्या.

"काय लिवताय ताई?"

मी सांगितलं.

"मग मला लिवा की."

"तुम्ही कुठल्या गाडीनं आलात?"

"गाडी आमच्याकडं येतच न्हाय. चालत आले."

फॉर्मवर एसटी, रिक्षा, दुचाकी एवढेच रकाने होते. पायी असा रकानाच नव्हता. मी सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "चालणाऱ्यांचं नको, नुसता गोंधळ होतो." मी मावशींना म्हणाले, "घेते मी लिहून." त्या गेल्या. मी लिहिलं नाही. पुढं रोज त्या माझ्याकडं बघून मान हलवायच्या आणि मीही हलवायचे. त्यांच्यामागून वस्तीतल्या आणखी बाया यायच्या. त्यांनाही मी लिहिलं नाही.

चार महिन्यांनी बस सुरू झाल्या. गाड्या छान होत्या, आवाज न करणाऱ्या. पण कॅनॉलच्या पुलाअलीकडंच वळत होत्या. बातमीतल्या नकाशात वस्ती कुठंच नव्हती. मी कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या बाजूनं प्रवासीच दिसत नाहीत. फॉर्म तर तुम्हीच भरलेत."

घरी नवरा म्हणाला, "तुझं काम संपलं, पैसे मिळाले. आता कशाला?" तरी मी अर्ज लिहिला. दोन रविवार वस्तीत फिरून बायांच्या सह्या घेतल्या, अंगठेही घेतले. मावशी मात्र कुठं दिसल्या नाहीत. विचारलं, तर शेजारीण म्हणाली, "गुडघा धरला त्यांचा. रोज उशीर व्हायला लागला, मग कामावरनं काढलं. भावाकडं निरवांगीला गेल्यात."

पालिकेत अर्ज घेतला. तिथल्या बाईंनी तो नीट वाचला आणि दोन महिन्यांत सकाळी एक, संध्याकाळी एक अशी फेरी वस्तीपर्यंत सुरू झाली.

मी निरवांगीला गेले. मावशी ओट्यावर पाय लांब करून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. बस सुरू झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

"आली व्हय? बरं झालं. पोरीबाळींचं चालणं वाचलं."

"मावशी, मी तुम्हाला तेव्हा लिहिलंच नव्हतं. लिहिते म्हणाले आणि लिहिलं नाही."

त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "आसल," म्हणाल्या. "कितीजण कायबाय लिवून न्हेत्यात. कुठं ध्यानात ऱ्हातंय?" मग भावजयीला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा पिताना मी दवाखान्यातल्या कामाचं विचारलं. तिथं आता दुसरी बाई लागली होती. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, त्या म्हणाल्या, पण भावाला ऊस तुटेपर्यंत सवड नाही.

परवा पालिकेतल्या बाईंचा फोन आला. नव्या वस्त्यांची पाहणी आहे, करता का म्हणून विचारत होत्या. मी आधी फॉर्म पाठवायला सांगितला. अजून आलेला नाही.