इस्त्रीवालीच्या लेकाचा खोकला

इस्त्रीवालीच्या घरात धुळीला मज्जाव होता. खोली एकच. निम्म्या जागेत गिऱ्हाइकांचे परीटघडीचे कपडे, उरलेल्या निम्म्यात ती आणि तिचा तरणाताठा लेक. नवरा गेल्यावर या घड्यांवरच तिने संसार उभा केला होता. पांढऱ्या सदऱ्यावर बोट उमटलं की गिऱ्हाईक तुटलं, एवढं तिला पक्कं ठाऊक. म्हणून लेक लाकडी सामानाच्या कारखान्यात लागला, त्या दिवशीच तिने बजावलं, "भुशाचा कण जरी घरात आला, तर तू बाहेर आणि मी आत!"

लेक गुणी. रोज लख्ख होऊनच उंबरा ओलांडायचा.

पण पुढे त्याला खोकला जडला. कोरडा, हटवादी. आडवा झाला की छातीत बारीक शिट्टी वाजायची, फटीतून वारा शिरावा तशी. त्यात त्याच्या खिशात लवंगा सापडल्या आणि आईच्या मनात पाल चुकचुकली.

"विडी ओढतोस?"

"नाही गं आई."

"मग लवंगा कशाला? विडीचा वास लपवायला?"

"घसा खवखवतो."

"तुझ्या बापाचाही खवखवायचाच. विड्या फुंकता फुंकता गेला. तू त्याच वाटेने निघालायस!"

त्याचा सदरा धुण्याआधी ती नाकाशी धरून बघायची. वास लाकडाचा, धुराचा नाही. संशय उलट वाढला. मेला किती सफाईने ओढतो! सुट्टीला खोकला उतरायचा. तिला वाटायचं, बरोबरच आहे, आज माझ्या डोळ्यांसमोर ओढणार कुठे?

एका संध्याकाळी इस्त्री बाजूला ठेवून ती कारखान्याच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाकीचे कामगार भुशाने माखलेले तसेच घरी निघाले. लेक मात्र एका कोंदट खोलीत शिरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"सापडला चोर," ती पुटपुटली आणि तिने त्या खोलीच्या खिडकीला डोळा लावला.

लेकाने काडी पेटवली नाही. यंत्राच्या हवेचा पाइप उचलला आणि झोत जोरात अंगावर सोडला. केसांवर, बाह्यांवर, पायांवर. खोली भुशाच्या पिवळ्या ढगाने भरली. त्या ढगात तो दिसेनासा झाला. ऐकू येत होता नुसता खोकला.

तिने खिडकी बडवली. "अरे, हे काय चालवलंयस?"

"आई, तू इथे?" तो धापा टाकत बाहेर आला. "तूच म्हणालीस ना, कण आला तर..."

तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. "सुट्टीला बरं वाटतं?"

"वाटतं," उत्तर आईनेच दिलं.

"दमा वाटतोय, भुशाने चाळवलेला. ॲलर्जी, जुनी सर्दी, पित्त यांनीही असा खोकला येतो, तेही तपासू. पण तो पाइप आजपासून बंद."

"आणि विडी?"

"ओढतोस का रे?"

"नाही हो!"

दोघींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

आता तो नाकातोंडावर मास्क लावतो, श्वासातून औषध ओढतो, निघताना ओल्या फडक्याने अंग पुसतो. तरी भुसा थोडा राहतोच. परवा एका सदऱ्यावर पिवळं बोट उमटलं.

"बाई, तुमच्या हातचं असं कधी नव्हतं," गिऱ्हाईक कुरकुरलं.

"द्या इकडे. पुन्हा धुते."

गिऱ्हाईक गेल्यावर तिने सवयीने तो सदरा नाकाशी धरला. लाकूडच. मग खाटेवर पडलेल्या लेकाच्या छातीशी कान नेला. शिट्टी होती अजून. पण पूर्वीपेक्षा बारीक.