सायकल पथकाचा पुढारी

साठ-एकसष्टचा सुमार असेल. मी दहावीत होतो आणि शाळेनं मला सुरक्षित सायकल पथकाचा पुढारी नेमलं. माझ्या सायकलला तेव्हा ब्रेक नव्हते.

कापसाच्या गाड्या राळेगावच्या जिनिंग कारखान्याकडे निघाल्या की पोरं सायकलवरून त्यांना मागून लटकायची. त्यात एकाचा हात मोडला. हेडमास्तर म्हणाले, "पोरं मास्तराचं ऐकत नाहीत, पोराचंच ऐकतात." माझं भाषण बरं होतं म्हणून मला निवडलं. सायकल कशी चालवतो, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्याच सभेत मी ऐटीत डबलसीट बंद केलं. त्यामुळे माझ्या कॅरियरवर बसून येणारी माझीच धाकटी बहीण पायी चालू लागली. आमच्या गावातून शाळेत येणारी ती एकटी मुलगी. बाबांनी नाइलाजानं होकार देताना बजावलं होतं, "रस्त्यात पोरीले काही झालं, त त्याच दिवशी शाळा बंद!"

मग घंटीचा प्रश्न निघाला. निम्म्या सायकलींना घंटीच नव्हती, तेव्हा समोर कुणी आलं की ओरडायचं ठरलं. एकजण म्हणाला, "'हट रे' म्हनू ना, सोपं हाये." मला ते फारच गावंढळ वाटलं. पुढाऱ्याला शोभेल असा शुद्ध शब्द मी काढला, 'सावधान!'

नाल्याच्या उतारावर माझी सायकल सुसाट सुटली होती आणि पुढे भर रस्त्यात बहीण चालत होती. मी कवायतीच्या मास्तरांसारखा खणखणीत ओरडलो, "सावधान!"

रोज सकाळी कवायत करणारी पोर ती. तिनं टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि मान ताठ करून तिथंच उभी राहिली. मी पुन्हा ओरडलो, तशी ती आणखीच ताठ झाली. टायरवर चप्पल दाबली तर चप्पलच उडाली. शेवटी मी हँडल वळवलं आणि बाजूनं चाललेल्या कापसाच्या गाडीत डोकं खुपसलं. गाडीवान खेकसला, "काय रे, डोयाले दिसत नाही काय?"

संध्याकाळी बाबांनी माझ्या केसांतला कापूस आणि सोललेले गुडघे पाहिले. "काय झालं?" खरं सांगावं तर तिची शाळा जाणार. मी केसांतला कापूस वेचू लागलो.

तीच म्हणाली, "मले काही नाही झालं, बाबा. मी तं उभीच होती. भाऊच पडला. त्याले सायकल येत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "मंग तुहीच सायकल बंद."

सायकल गोठ्यात टांगली गेली. मी मॅट्रिक होईपर्यंत बहिणीसोबत पायी शाळेत गेलो. पथक 'हट रे' म्हणू लागलं आणि सगळ्यांना कळू लागलं.

तीही मॅट्रिक झाली. मग तिचं लग्न ठरलं. मांडवात भटजींनी 'सावधान' म्हटलं, तशा तिनं अंतरपाटाआड हातातला हार सांभाळत टाचा जुळवल्या, मान ताठ केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. पोरगी किती सरळ उभी आहे, म्हणून बायका कौतुक करत होत्या. मला हसू आवरेना, आणि रडूही.