भोकराचा चिकटा आणि साहेबांची कवळी

साहेबांच्या ब्रेडला मी जाम म्हणून जे फासलं, तो जाम नव्हता. तो मामीचा पुस्तकं चिकटवायचा चिकटा होता. बरणी तसलीच, रंगही तसलाच, आणि बरणीवर काही लिहून ठेवायची आमच्या घराण्याला सवय नाही.

मामी बाइंडर. कंबर मोडलेली पुस्तकं, पानं सुटलेल्या वह्या तिच्याकडे येतात आणि धडधाकट होऊन परत जातात. दुकानामागे भोकराचं झाड आहे. सलग तीन वर्षं पाऊस रुसला, नळ खोकून खोकून गप्प झाला, तरी हे आपलं हिरवंगार. पिकल्या भोकरांचा गर काढून मामी चिकटा करते. बाजारचा डिंक लावला की तिचे हात कोपरापर्यंत पुरळाने भरतात. म्हणजे झाड गेलं की दुकानही गेलं. सालीचा दोर वळून ती गठ्ठे बांधते, पाला समोरच्या आजींच्या शेळ्यांना जातो आणि मला खोकला झाला की भोकरांचा काढा मिळतो. खोकला झाला नसला तरी मिळतो.

शेजारच्या स्कूटरवाल्या मिस्त्रीने मात्र नगरपालिकेत अर्ज ठोकला होता : फळं सीटवर पडतात, गिऱ्हाइकं चिकटतात, झाड तोडा. त्याचीच पाहणी करायला तिथले साहेब आले होते. मामी मला म्हणाली, "साहेबांना काहीतरी खायला दे रे." मी दिलं.

दुसऱ्या घासाला साहेबांनी ब्रेड ओढला आणि वरची कवळी त्याच्याबरोबर बाहेर आली.

"काय लावलंस मेल्या?" मामी.

"जाम."

"माझा गर आहे तो. सकाळी काढलेला."

साहेब घाबरून म्हणाले, "विह आहे का हे?"

"विष कसलं, फळ आहे. पोरं झाडाखाली बसून खातात," असं म्हणत मामीने कवळी कोमट पाण्यात सोडली.

हे बघायला मिस्त्री आत आला आणि इतका हसला, की पोट धरून मागच्या बाकावर बसला. बाकावर मामीने नुकतीच चिकटा लावलेली पुठ्ठ्याची कव्हरं वाळत ठेवली होती.

"बघा साहेब, हाच त्रास," म्हणत तो उठला आणि पुरावा दाखवायला वळला. पाठीमागे ठळक अक्षरांत होतं : तक्रार नोंदवही.

आधी साहेब हसले, बिनदातांनी. मग मामी. मी हसावं की पळावं, हे ठरेपर्यंत मलाही हसू फुटलं. मी आणि मामीने मिळून कव्हर ओढलं. ते निघालं, पण एकटं नाही.

मिस्त्री वर्तमानपत्र गुंडाळून कोपऱ्यात उभा राहिला. मामीने डोळे पुसले आणि ती एकदम गंभीर झाली. "साहेब, या झाडाशिवाय मला दुकान चालवता येणार नाही. आता हे चिकटतं म्हणून तोडायचं, की चिकटतं म्हणून ठेवायचं, तुम्हीच बघा."

साहेबांनी कवळी बसवली, दोनदा दात वाजवून पाहिले आणि कागदावर लिहिलं : झाड राहील, गॅरेजवरच्या फांद्या छाटाव्यात.

मिस्त्रीची पॅन्ट मी भरून द्यायची, हा निकाल मामीचा. अजून दिलेली नाही. तो रोज सकाळी गॅरेजातून हाक मारतो, "भाचेबुवा, पॅन्ट?"

"माप द्या," मी म्हणतो.

माप तो देत नाही. मामी ऐकत असते, आणि कंबरेचा आकडा तिच्या कानावर जाऊ द्यायचा नाही त्याला.